रेवणप्पा रिव्हर्स घेत नाही

रेवणप्पा ड्रायव्हर गाडी मागे घेत नाही. गाडी म्हणजे आमच्या भागातल्या एका सहकारी संघाचा पाण्याचा टँकर. मुरुमच्या आठवडी बाजारात त्याने एकदा हे धूड भाजीवाल्यांच्या बोळात घातलं. पुढे पालांची दाटी, मागे रस्ता मोकळा. लोकांनी विनवलं, शिव्या दिल्या, एका बाईने किडकं वांगं फेकून मारलं. रेवणप्पाने खिडकीतून मान काढली आणि सांगितलं, "मागचा गिअर बसत न्हाय. तुमी सरा." पालं, पोती, तराजू उचलून अख्खा बाजार सरला. रेवणप्पा सरला नाही.

संघाच्या चेअरमनच्या बंगल्यावरही हेच. तिथला हौद परसात आहे, टँकर उलटा आत घालावा लागतो. रेवणप्पा फाटकाबाहेर थांबतो, गिअरची दांडी दोनदा खडखडवून दाखवतो आणि गडीमाणसांना घागरींनी पाणी न्यायला लावतो. पाच-सहा घागरी झाल्या की हॉर्न वाजवून चालता होतो. मी याला आळस समजत होतो. मान वळवायचाही कंटाळा असलेला माणूस संघाला बरा सापडला, असं चारचौघांत बोलूनही दाखवत होतो.

दिसायला तर सोंगच. भर उन्हाळ्यात अंगात खाकी कोट, त्याला पितळी गुंड्या. "म्या निजामाच्या मोटारीवर व्हतो," हे दिवसातून चारदा. वयाचा हिशोब केला तर तेव्हा हा मोटार पुसत असणार, पण त्याला कोण विचारतो. कोटाच्या खिशात कायम साबणाची वडी. टँकरचा वेगाचा काटा मेलेला, म्हणून अंतर बिडीवर मोजायचं. बोरी नदीच्या डोहापासून बाजार एक बिडी, गाव दीड, आमची वस्ती दोन. कोणी म्हणालं, मामा, घड्याळ घ्या, तर म्हणतो, "घड्याळ बंद पडतंय. बिडी इझली तर पुन्हा पेटवता येती."

आमची वस्ती म्हणजे गावापासून मैलभर लांब, माळावरची बौद्धवस्ती. रस्त्यात शेवटी, कागदावरही शेवटी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. डोहावर गच्च भरलेला टँकर वस्तीवर यायचा तेव्हा निम्मा झालेला असायचा. बाकीचं निम्मं जातं कुठे? मी नळदुर्गात आमच्या युवक मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. तिथूनच मी पत्रक काढलं : "जाहीर सवाल! आमचं पाणी कुणी प्यालं?" त्यात रेवणप्पाचं नाव ठळक टायपात आणि साबणावर खास परिच्छेद : वस्तीत लेकरांचं तोंड धुवायला पाणी नाही आणि हे महाशय खिशात साबण घेऊन हिंडतात.

वस्तीतून आईने निरोप धाडला, त्या माणसाला काही बोलू नको. आईला राजकारण कळत नाही म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. रेवणप्पा मात्र स्वतः खोलीवर आला आणि त्याच पत्रकाच्या वीस प्रती मागून घेऊन गेला. "कागद चांगला वापरलाय, पुढारी," म्हणाला. निर्लज्जपणाला सीमा असते असा माझा तोवर समज होता.

मग पोलिसांनी त्याला धरलं. हमरस्त्यावर दोन दगडांच्या मधलं अंतर मोजून, हातात घड्याळ घेऊन ते बसले होते. टँकर भरधाव हाकल्याचा खटला तुळजापूरच्या कोर्टात लागला. हा दुसरा खटला. पहिल्या वेळी समज मिळाली होती, आता लायसनवरच आलं होतं. साठीला टेकलेल्या ड्रायव्हरचं लायसन गेलं की त्याला दारात कोण उभं करणार?

मला आनंद झाला, हे लपवत नाही. पाणी विकायला वेळ घालवायचा आणि मग गाडी पळवायची, असंच असणार. मी डोहावर जाऊन त्याला गाठलं. "मामा, खरं सांगा, एवढं पळत कुठं होता?"

तो टँकरखाली वाकला आणि मलाही वाकायला लावलं. टाकीच्या पोटाचा सांधा हातभर उसवला होता. त्यात साबण आणि कागदाचा लगदा दाबून बसवलेला, तरी धार चालूच. लगद्यातून माझीच अक्षरं डोकावत होती : "कुणी प्यालं?"

"संघाला धा येळा सांगितलं," रेवणप्पा म्हणाला. "वेल्डिंग करतो म्हणत्यात. साबन हादऱ्यानं निघतो. मग काय, आपन लवकर पोचायचं."

तिथल्या तिथे मी संघाला धारेवर धरायचं ठरवलं. कोर्टासारखं व्यासपीठ पुन्हा मिळणार नव्हतं. रेवणप्पाने न्यायाधीशसाहेबांपुढे सांगायचं की टँकर फुटका आहे, संघ दुरुस्त करत नाही, म्हणून पळवावा लागतो. मंडळाच्या वकिलांनी फुकट उभं राहायचं कबूल केलं. मी नवं पत्रक छापून घेतलं. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, वकिलांनी रेवणप्पाला सगळं नीट पढवलं. त्याने एकच शंका विचारली.

"मग टँकर कुठं ऱ्हाईल?"

"पुरावा म्हणून ठाण्यात. तपासणी होईल, दुरुस्ती होईल."

"किती दिस?"

"महिना. दोन महिने. सरकारी काम आहे."

"दुसरा टँकर?"

"तो प्रश्न वेगळा," वकील म्हणाले. मीही मान हलवली. रेवणप्पाने खिशातली साबणाची वडी काढली, हुंगली आणि परत ठेवली. मला वाटलं, पटलं.

साहेबांनी विचारलं, "वेग किती होता?"

"डोहापासनं वस्ती दोन बिड्या, साहेब. त्या दिशी पेटवलीच न्हाय."

कोर्ट हसलं. खालच्या टेबलावरच्या कारकुनाने लेखणी थांबवून वर पाहिलं, हे लिहायचं कसं म्हणून. साहेबही गालात हसले. माणसं तहानेनं मरताहेत आणि ही मंडळी बिडीवर हसताहेत, हे मी मनात पुढच्या पत्रकासाठी टिपून ठेवलं.

"एवढी घाई कशाची होती?"

वकील अर्धे उठले. मी पिशवीतल्या पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली.

"कशाची न्हाय, साहेब. गाडी झ्याक हाय. माझाच पाय जड पडला. गुन्हा कबूल."

वकील उठले तसे बसले. दंड झाला, लायसनवर शेरा पडला आणि साहेबांनी बजावलं, पुन्हा समोर आलास तर लायसन जप्त.

बाहेर आल्यावर मी त्याला लिंबाखालीच झाडला. "मामा, एक वाक्य बोलायचं होतं. एक. संघ उघडा पडला असता. खरं ते बोलायला काय झालं होतं?"

"खरं हाय की," रेवणप्पा कोटाच्या गुंड्या लावत म्हणाला. "पर ते घागरीत पडत न्हाय."

"अजून वेळ गेलेली नाही. जबाब फिरवू."

"म्या रिव्हर्स घेत न्हाय, ठाव हाय न्हवं?"

एसटीने नळदुर्गला आलो. त्याने डोहावर टँकर भरला. उरलंसुरलं सुनावावं म्हणून मी केबिनमध्ये चढलो. त्याने बिडी ओठांत धरली, पेटवली नाही. पोलिसांच्या दोन दगडांमधून नव्या नवरीसारखा हळू गेला आणि दुसरा दगड मागे पडताच टँकर असा सुटला की माझे दात वाजले. लायसनवरची शाई अजून वाळायची होती.

"दोन वाजले. घरी जेवायला वाट बघत असतील," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कोन बघतंय? मालकीन गेली त्याला नऊ वर्सं झाली. घरात एक घागर हाय. ती भरल्यालीच ऱ्हाती."

चेअरमनच्या फाटकाशी गड्याने हात केला. रेवणप्पाने दांडी खडखडवली. "बसत न्हाय, गड्या," म्हणाला, आणि आज थांबलाच नाही.

वस्तीच्या तोंडाशी त्याने टँकर उभा केला. आत जाणारा बोळ उताराचा, दोन्ही अंगांनी दगडी भिंती, टँकर शिरला तर दोन्हीकडे चार बोटं उरावीत इतकीच जागा. बोळाच्या टोकाला घागरींची रांग, आणि तीत माझी आई. टँकर यायच्या वेळी मी आजवर कधी वस्तीवर नव्हतो.

"उतरा, पुढारी. मागं उभं ऱ्हावा. लेकरं हायती."

मी उतरलो. दांडी एकदाही खडखडली नाही. गिअर बसला, आणि अख्खा बाजार हलवणारा रेवणप्पा मान मागे वळवून, वीत वीत करत, टँकर उलटा बोळात उतरवू लागला. तोंड वर, शेपूट खाली. टाकीची तोटी मागे होती. असा तिरपा उभा केला की तळातला शेवटचा तांब्याही तोटीकडे येतो.

"आज लई उशीर झाला तुमास्नी," आई म्हणाली.

"कोर्टात व्हतो, आक्का."

पिशवीतली पत्रकं मी तशीच ठेवली. बोळाच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत मी म्हणत होतो, "येऊ द्या, मामा. येऊ द्या. अजून येऊ द्या."