कारंज्यापासून बालकांचे संरक्षण

वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत, मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, सहा वर्षांच्या नीलला एकवीस डास चावले. आकडा अधिकृत आहे. त्याची आई ऋजुता हिने प्रत्येक चाव्याला पेनने नंबर घालून मुलाला सेक्रेटरींच्या दारात उभं केलं. "मधुकाका, ते बंद कारंजं आधी रिकामं करा. डासांचं पाळणाघर झालंय त्याचं."

मधुकाकांनी चष्मा लावून चावे मोजले, बेरीज बरोबर असल्याचं मान्य केलं आणि अडचण समजावली. कारंजं आजवर एकदाही उडालेलं नसलं, तरी त्याचं उद्घाटन झालेलं होतं. आणि उद्घाटन झालेली वस्तू सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय रिकामी करता येत नाही. सभा सप्टेंबरात. तोवर मुलांना वाचवायचं तर मुलंच हलवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी फलक लागला : 'डास असेपर्यंत बालकांस प्रवेश नाही.'

मुलं घरात गेली. डास बागेतच राहिले आणि दोन दिवस उपास काढून शेवटी संध्याकाळच्या हास्यक्लबाकडे वळले. मंदाकिनीताईंनी 'हा हा'साठी तोंड उघडलं, तर तीन आत गेले. तेव्हापासून पंचवीस ज्येष्ठ नागरिक ओठ घट्ट मिटून हसू लागले. लांबून पाहणाऱ्याला शोकसभा वाटे.

या प्रश्नावर मात्र त्याच रात्री तातडीची बैठक झाली. मुलं बागेत असताना ज्येष्ठांना एकही डास चावत नव्हता, असं निरीक्षण पुढे आलं. सबब बंदी उठवून रोज सहा ते सात, म्हणजे हास्यक्लबाच्याच वेळेत, कारंज्याच्या कट्ट्यावर 'बालक्रीडा तास' ठेवण्याचं ठरलं. मुलांनी अर्ध्या चड्डीत यावं. अंगाला मलम लावल्यास योजनेचा हेतू विफल होतो.

ऋजुता तडक मधुकाकांकडे गेली. "माझं पोर काय तुमची डासांची कॉइल आहे का, काका?"

"छे गं. कॉइलने खोकला होतो. नीलचा कुणाला काहीच त्रास नाही."

सक्ती नव्हती, हे नमूद केलं पाहिजे. घरोघर फॉर्म गेला : मूल संध्याकाळी घरी ठेवणार, की बागेत पाठवणार? नील चार दिवस घरीच होता. तेवढ्या काळात त्याने हॉलमध्ये क्रिकेट खेळून दोन ट्यूबलाइट फोडल्या होत्या आणि ऋजुताच्या ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तिच्या साहेबांना पडद्यावरच बाद ठरवलं होतं. सुट्टीचे एकोणतीस दिवस शिल्लक होते. तिने फॉर्म दोनदा वाचला. आतून "आई, मी आता काय करू?" ही सकाळपासूनची चाळिसावी हाक आली.

तासाभरात छत्तीसच्या छत्तीस फॉर्म परत आले. सगळ्यांवर 'बागेत'. ऋजुताच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक विनंती होती : सातऐवजी आठपर्यंत ठेवता येईल का?

तुम्ही तिला नावं ठेवताय, ते ठीकच. तुमच्या मुलांना सुट्टी लागली की या. कोरे फॉर्म मधुकाकांकडे आहेत, आणि बाहेरच्या सोसायटीतली मुलंही चालतात.