हेमंतचा हवेचा नमुना

हेमंत कोणाच्याही घरी गेला की आधी खिडक्या उघडतो, मग नमस्कार करतो. चंदनसारच्या आमच्या सोसायटीत आम्ही तळमजल्यावर, तो तिसऱ्यावर भाड्याने. हवेतले रोगजंतू कसे पकडायचे यावर तो पीएच.डी. करतो. किती वर्षं झाली ते विचारायचं नाही. विचारलंच तर "मोजल्याशिवाय बोलू नये" असं उत्तर मिळतं.

त्याच्याकडे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आहे. ते घरघर करत हवा ओढतं आणि जंतू आतल्या गाळणीच्या कागदावर अडकतात. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याने ते चौरंगाशेजारी ठेवलं. बायकांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. आरती सुरू झाली तसा हा कळवळून ओरडला, "जोरात म्हणू नका! थेंब उडतात! मनातल्या मनात म्हणा!" तेव्हापासून हेमंत जिन्यात दिसला की लोक फोन कानाला लावतात.

त्याची आई अर्नाळ्याची, मासे विकते. अधूनमधून डबा घेऊन येते आणि आमच्या दारात टेकते. "बाप दर्यात मासे धरायचा, हा हवेत जंतू धरतो. पन विकायचे कुनाला?"

गेल्या वर्षी माझ्या वडिलांना, आप्पांना, टीबी झाला. औषधं लगेच सुरू झाली, पण माणसं यायची बंद झाली. रोज पत्ते कुटायला येणाऱ्या तिघांचेही गुडघे एकाच आठवड्यात दुखायला लागले. आप्पा एसटीचे जुने कंडक्टर, बोलल्याशिवाय अन्न न पचणारा माणूस. ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मला टीबीपेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायची.

एके दिवशी हेमंत मास्क लावून, यंत्र घेऊन हजर. "काका, आप्पांच्या खोलीतल्या हवेचा नमुना हवाय. रोज सहाला तासभर येईन." खिडक्या उघडून त्याने खुर्ची ओढली आणि आप्पांना म्हणाला, "बोलत राहा. माणूस बोलला की जंतू बाहेर पडतात."

आप्पांना तेवढंच हवं होतं. घाटात फेल झालेले ब्रेक, गाडीतच झालेलं बाळंतपण, लग्नासाठी माझ्या आईला पाहायला गेले तो दिवस, सगळं यंत्राला ऐकवून झालं. मी मात्र आतून चिडायचो. माझ्या बापावर हा प्रयोग करतोय, असंच मला वाटायचं.

औषधांचा कोर्स संपला, आप्पा ठणठणीत बरे झाले. पेढे घेऊन मी वर गेलो आणि जरा खोचकच विचारलं, "झाले का रे पुरेसे नमुने?"

"ते पहिल्या महिन्यातच झाले. औषध लागू पडलं, हवेत काही सापडेना. मग मी कागदच घालत नव्हतो."

"मग इतके महिने यंत्र कशाला घरघरवत होतास?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "त्याच्याशिवाय कसा येणार? नुसतं बसायला मला कोण बोलावतं, काका? इथे सगळ्यांना मीच गप्प करून ठेवलंय. माझ्याशी तासभर बोलणारे एकटे आप्पाच."

मला स्वतःचीच लाज वाटली. खाली येऊन आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि कठड्याला धरून, दर मजल्यावर दम खात, तीन जिने चढून हेमंतकडे बसायला गेले.