सगळ्यांची लुना

आप्पांची लुना कुणाला द्यायची, याचा निर्णय स्वप्नालीने चहा गाळता गाळता घेतला. आप्पांना जाऊन दोन महिने झाले होते. सोमवारी तिला पुण्याला नोकरीवर परतायचं होतं, मागे आई एकटी. आणि लुनेवर डोळा दोघांचा: दूध घालणारे चुलते बंकट आणि समोरचा फळवाला पाशा. आईला, सत्यभामाबाईंना, विचारलं तर त्या एवढंच म्हणत, "तू शिकलेली हाईस, तूच ठरव."

"दोघं मिळून वापरा," स्वप्नालीने सांगितलं. "पहाटे काकांचं दूध, नऊनंतर पाशाभाईंची फळं."

"एक नंबर!" बंकटकाका खूश झाले. "पर कॅन लटकवायला कड्या पायजेत."

"आन माझ्या क्रेटला कॅरेज," पाशा म्हणाला. "आमचे जावई वेल्डिंग करतेत. गाडी नेतो तन्वीरच्या दुकानावर."

"गाडी न्यायची न्हाई," सत्यभामाबाई प्रथमच मध्ये बोलल्या. "काय करायचं ते माझ्या अंगणात करा."

तन्वीर यंत्र घेऊन आला. दोन दिवस ठिणग्या उडाल्या. सत्यभामाबाई चहा देत, सूचनाही देत.

"पाशाभाई, शेजारी-शेजारी दोन क्रेट बसतील का?"

"बसतील की, भाभी."

"मग एकच कावून? आन भाऊजी, कॅन लई आत लटकतेत, गुडघ्याला लागतील. जरा बाहीर घ्या."

आईचं कशात तरी मन लागतंय, याचाच स्वप्नालीला आनंद होता.

रविवारी सकाळी नारळ फुटला. कॅन लटकले, क्रेट चढले. बंकटकाकांनी लुना ढकलली आणि ती खण्णकन फाटकात अडकली. तिरकी केली, उलटी फिरवली, तरी तेच.

"मापं कशाची घेतली बे?" काका गरजले.

"कॅनची. क्रेटची," तन्वीर म्हणाला.

"आन फाटकाचं?"

तन्वीरने सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्याने आभाळाकडे.

"कॅरेज कापू?"

"रंग वाळला न्हाई आन कापता?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मग फाटक काढू."

"त्यांनी सोताच्या हातानं बसवलंय ते."

तन्वीरने पाना परत पिशवीत टाकला. तेवढ्यात रतीबाच्या बायका काकांना शोधत अंगणातच आल्या. दुधाबरोबर पपईही घेऊन गेल्या. दहापर्यंत कॅन रिकामे, क्रेट हलके.

"भाभी," पाशा म्हणाला, "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. सावली हाय, रस्ता म्होरंच."

"माझी ना न्हाई. पर दुधाचं माप माझ्या हातात."

सोमवारी बॅग भरताना स्वप्नालीने सेफ्टी पिनेसाठी आईचा डबा उघडला. आत दोन गाठी मारलेला सुताचा दोरा होता. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तो फाटकाला लावून पाहिला. पहिली गाठ बरोब्बर दुसऱ्या खांबावर आली. मग अलीकडच्या कडीपासून लुनेला आडवा लावला. पुढची गाठ, चार बोटं जास्त, बरोब्बर पलीकडच्या कडीवर.

अंगणात सात-आठ बायका गलका करत होत्या आणि त्यांच्यामध्ये आई दूध मापत होती.

"आई, हा दोरा?"

"ठेव जागच्या जागी," लुनेचं हँडल पदराने पुसत सत्यभामाबाई म्हणाल्या. "लई चांगलं ठरवलंस बघ तू. सगळ्यांचंच भलं झालं."