नागाक्काच्या नावापुढचा शेरा

जोयड्याला नागाक्काच्या खानावळीत जेवायला बसलं की ताटाच्या आधी प्रश्न येई. "भूक किती हाय?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर विचार करून द्यावं लागे. लाजून "थोडी हाय अक्का" म्हटलं, तर खरोखरच थोडं वाढलं जाई. अर्धी नाचण्याची भाकरी आणि पळीभर आमटी. पुन्हा मागितलं की नागाक्का कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत विचारी, "मगाशी खोटं बोललास, का आत्ता बोलतोस?" उलट, "चार भाकऱ्यांची हाय" असं सांगून तिसरीवरच उठणाऱ्या एका गाडीवानाला तिनं चौथी संपेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नव्हता. कुळगीच्या जंगलातून लाकडं भरून येणारे गाडीवान वाटेतच पोटावर हात ठेवून आपल्या भुकेचा हिशेब करत येत.

मी खानापूरकडून इथे शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा एकटा होतो. पहिल्या दिवशी मी सभ्यपणे "बेताची" म्हणालो आणि रात्रभर पाणी पीत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून खरं बोलायला लागलो. शाळेत मुलांना जे वर्षभर शिकवून जमत नाही, ते नागाक्का एका जेवणात शिकवी. "जे हाय ते हाय," हे तिचं पालुपद. आमटी खारट झाली तरी तेच आणि पाहुणा मेला तरी तेच.

तिचा दुसरा नेम म्हणजे सकाळी चूल पेटवण्याआधी दिग्गीकडं तोंड करून शिव्या घालणं. तिकडे जंगलातल्या गावात तिची सवत देवकी भावांकडे राहायची. दोघींचा नवरा गेला त्याच्या बाराव्यालाच देवकीच्या भावांनी बैलजोडी सोडून नेली होती, आणि देवकीही त्या बैलांमागोमाग गेली होती. याला आठ वर्षं झाली होती. दिग्गीचा गाडीवान धोंडू दर आठवड्याला येई. त्याच्याकडून नागाक्का निरोप धाडी, "त्या भवानीला विचार, मेली का हाय अजून?" पुढच्या आठवड्यात धोंडू उत्तर आणी, "हाय म्हणत्या." मग नागाक्का "तिला काय धाड भरत्या!" असं म्हणून त्याला न विचारताच पोटभर वाढी.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

गावात नवीनच पतसोसायटी निघाली होती आणि लिहितावाचता माणूस म्हणून चिटणिसाचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. नवऱ्यामागं राहिलेलं सावकाराचं देणं फेडायला नागाक्कानं घर सोसायटीकडे गहाण टाकलं होतं. हप्ता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. ती सूर्य उगवायच्या वेळी शाळेच्या पायरीवर येऊन बसे आणि मला तोंड धुवायचीही उसंत देत नसे.

एका शिमग्याच्या महिन्यात पहिली तारीख आली आणि नागाक्का आली नाही. खानावळीला कडी होती, चूल थंड होती. कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सातव्या दिवशी ती आली. पायांना भेगा, डोळे खोल गेलेले. तिनं पैसे मोजून दिले. मी नवा होतो, कडक होतो, आणि खरं सांगायचं तर लाल शाईची बाटली मी हौसेनं आणली होती आणि ती अजून उघडायला मिळाली नव्हती. तिच्या नावापुढं मी सुबक अक्षरात लिहिलं, 'सहा दिवस उशीर. कसूर.'

"काय लिवलंत?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. "बराबर हाय," ती म्हणाली आणि उठून गेली.

तो शेरा तसाच निजून राहिला असता. पण वैशाखातल्या वाऱ्यात खानावळीमागचा फणस उन्मळला आणि निम्मं छप्पर घेऊन खाली आला. चुलीवर आभाळ दिसू लागलं. पावसाला जेमतेम महिना होता. छप्पर नाही तर खानावळ नाही, खानावळ नाही तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर गहाण पडलेलं घर सोसायटीचं. तिनं छपरासाठी नव्या कर्जाचा अर्ज दिला. मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि आपण काय करून बसलो ते कळलं. ज्याच्या नावावर कसूर, त्याला नवं कर्ज नाही. उशिराचं सबळ कारण तपासनीस साहेबांनी मान्य करून वहीत लिहवलं, तरच सूट. साहेब आठ दिवसांनी येणार होते.

सोसायटीचे मुख्य म्हणजे गावचे पाटील. ते आले, त्यांनी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, चाकूनं खरवडून टाका की. कोण बघतंय?"

नागाक्का कोपऱ्यात उभी होती. मी वही उघडली. मुलांच्या बोरूचा चाकू हातात घेतला. पातं कागदाला लागणार, इतक्यात माझं मनगट कुणीतरी असं धरलं की चाकू खाली पडला.

"माझ्या नावावर खोटं पान नको," नागाक्का म्हणाली. "उशीर केला म्हणजे केला. जे हाय ते हाय."

"मग कारण सांगा, अक्का. मी बाजूला लिहून ठेवतो."

"ते न्हाई सांगायची."

"काहीतरी सांगा की!" पाटील चिडले. "ताप आला म्हणा."

"मला कुठं ताप आला?"

"मग होतीस कुठं सहा दिवस?"

ती चालती झाली.

तो आठवडा फार वाईट गेला. गावात ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. कुणी म्हणालं, पुरलेलं सोनं काढायला गेली होती. कुणी त्याहून वाईट बोललं आणि एका पुरुषाचं नावही घेतलं. ते तिच्याच ओसरीवर बसून, तिचीच भाकरी खाताना बोललं गेलं. मी तिच्याकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती. थाप एकदा चुकली, एवढंच. मला ती रोज वाढायची, पण वहीवर चाकू उचलल्यापासून माझं ताट दाराजवळ, कुत्रं बसतं तिथं मांडायची. मीही मुकाट्यानं तिथं बसून जेवायचो.

साहेब आले ते घामानं भिजून, घोड्याच्या पाठीनं वैतागलेले. शाळेतच बैठक भरली. निम्मा गाव खिडक्यांना लटकला. नागाक्काचं नाव निघालं तशी ती पदर खोचून पुढं आली.

"बाई, उशीर का झाला?"

तिनं खोचलेला पदर पुन्हा एकदा खोचला.

"आजारी होता?"

"न्हाई."

"पैसे जमले नव्हते?"

"पैसे डब्यात हुते."

"मग?"

खिडकीत कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी टेबलाकडं. त्यांनी टाक शाईत बुडवला. "कारण नाही, तर माझाही नाइलाज आहे. नामंजूर." टाक कागदावर टेकला.

"थांबा, सायेब!"

दारात एक बाई उभी होती. काठीसारखी वाळलेली, हातात काठी, डोक्यावरून घट्ट पदर. तिच्यामागं मान खाली घालून धोंडू.

"ती माझ्याकडं हुती," बाई म्हणाली. "दिग्गीला. मी देवकी."

"गप बस, भवाने!" नागाक्का ओरडली. एवढा आवाज मी तिच्या खानावळीतही कधी ऐकला नव्हता. मग ती धोंडूवर उलटली. "तुला आण घातली हुती न्हवं?"

"जोयड्यात सांगायचं न्हाई अशी घातली हुती अक्का," धोंडू पुटपुटला. "दिग्गीत सांगायचं न्हाई अशी न्हाई घातली."

देवकी काठीवर भार टाकून पुढं आली. "मुदतीचा ताप हुता मला. भाऊ पोरंबाळं घिऊन मळ्यात ऱ्हायला गेलं. पाणी द्यायला कुणी न्हाई. धोंडूकडनं कळलं तशी ही दीड दिसाची वाट चालून आली. मर गं मर म्हणत हुती नि पळीनं पेज घालत हुती. मी डोळं उघडलं तर म्हणाली, मेली न्हाईस व्हय अजून?"

खिडकीत हसणारा गज सोडून खाली उतरला.

"खरं आहे का हे?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलणं नागाक्काला येत नव्हतं आणि खरं बोलायला जीभ वळत नव्हती. कपाळावरचा घाम तिनं मनगटानं पुसला.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "गेले हुते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आठ वर्सं हिला शिव्या दिल्या, सायेब. साऱ्या गावासमोर. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

साहेबांनी टाक पुसला आणि वही माझ्याकडं सरकवली. "लिहा मास्तर. शेरा तसाच राहू द्या. त्याच्यापुढं लिहा, घरातील माणसाचं आजारपण." मग तिच्याकडं वळून विचारलं, "बाई, 'घरातील माणूस' म्हटलं तर खोटं नाही ना होणार?"

सगळी शाळा तिच्याकडं बघत होती. ती देवकीकडं बघत नव्हती.

"लिवा," ती म्हणाली.

कर्ज मंजूर झालं. मृगाच्या दोन दिवस आधी शेवटचं कौल बसलं. पाटलांनी आपण होऊन दोन गडी पाठवले होते. पाटलांचं तोंडही जरा उतरलेलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचं. देवकी दमली होती म्हणून राहिली होती. सकाळी मी खानावळीत गेलो, तर पुढं कुणी नव्हतं. मागच्या पडवीत डोकावलो. देवकी उन्हात पाठमोरी बसली होती, पदर खांद्यावर. तिच्यामागं नागाक्का गुडघ्यावर बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. तोंडाचा पट्टा चालूच होता. बैल नेलेस, भांडी नेलीस, लाज कशी वाटली न्हाई. देवकी डोळे मिटून "हं, हं" करत होती. तापानं तिच्या डोक्याची दशा केली होती. फणी जरा फिरली की केसांचा पुंजका हाती येई.

नागाक्का शिवी न तोडता तो पुंजका मुठीत दाबी, मागं हात नेऊन कमरेच्या ओच्यात लपवी, आणि पुन्हा हळूच फणी धरी. ओचा चांगला फुगला होता. मला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.