तेवढं दोन शब्द बोला

हितेंद्र साटम यांच्या प्रबंधाचे पाचवे प्रकरण एका म्हातारीवाचून अडले होते. कोकणातून एकट्याने मुंबईत आलेल्या आणि गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया हा त्यांचा विषय. शोधून शोधून त्यांना सापडलेली अशी शेवटची स्त्री म्हणजे लालबागच्या चाळीतल्या शेवंतीबाई. चाळ पाडण्यासाठी रिकामी होत होती आणि सोमवारी सकाळी लेक येऊन शेवंतीबाईंना बदलापूरला नेणार होती. आपण गाव का सोडले हे त्यांनी आजवर त्या लेकीलाही सांगितले नव्हते. वर्षभर उंबरठा झिजवल्यावर मात्र त्या हितेंद्ररावांना म्हणाल्या होत्या, "रविवारी ये, झिला. जाताना सांगून टाकतंय."

हितेंद्रराव काटेकोर गृहस्थ होते. इतर संशोधक सरळ दार ठोठावून आत शिरतात. हितेंद्ररावांनी नियमाला धरून चाळीच्या मंडळाकडे 'समुदायाची पूर्वसंमती' मागितली. अनर्थाचे मूळ ते हेच. मंडळाचे सरचिटणीस दगडू राऊळ यांनी विनंती वाचली आणि आजवर प्रत्येक विनंतीचे जे केले तेच हिचेही केले. त्यांनी तिचा कार्यक्रम केला.

रविवारी दुपारी हितेंद्रराव चाळीत पोचले, तेव्हा प्रवेशद्वारावर त्यांचाच चेहरा फडकत होता. त्याखाली लिहिले होते : 'स्थलांतरितांचे कैवारी डॉ. हितेंद्र साटम यांचे सहर्ष स्वागत.'

"अहो, मी अजून डॉक्टर नाही!"

"बॅनरवर झालात ना? मग झालं," दगडूभाऊ म्हणाले. "तिकडे युनिव्हर्सिटीचं काय ते सावकाश होऊ दे."

"पण मला फक्त शेवंतीबाईंशी बोलायचंय. एकांतात."

"बोला ना! कोण नको बोलतोय? एवढा मोठा माणूस चाळीत आला आणि आम्ही नुसता चहा पाजून पाठवायचा? चाळीची इज्जत आहे की नाय?"

चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. मंडप नव्हता, पण दोन अजस्र स्पीकर होते. त्यांतला एक शेवंतीबाईंच्या खिडकीच्या गजांना बांधलेला होता, कारण चाळीत विजेचा भरवशाचा प्लग आता तिथेच उरला होता.

हितेंद्रराव कसेबसे त्यांच्या खोलीत शिरले. सामानाची बोचकी बांधून झाली होती; स्टोव्ह तेवढा बाहेर होता आणि त्यावर समारंभासाठी चहाचे पातेले चढले होते. हितेंद्ररावांनी ध्वनिमुद्रक फळीवर ठेवून सुरू केला आणि संमतीचा मजकूर स्वच्छ उच्चारांत वाचला. "आपण कोणत्याही क्षणी ही मुलाखत थांबवू शकता."

"मी कशाक थांबवू? तू सुरू तर कर," शेवंतीबाई म्हणाल्या. मग फळीकडे पाहून त्यांनी विचारले, "ह्यो डबो ऐकता काय रे?"

"सगळं ऐकतो, आजी. माझ्यापेक्षा नीट."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. दगडूभाऊंचे प्रास्ताविक सुरू झाले होते. "मित्रहो, स्थलांतर म्हणजे काय? स्थलांतर म्हणजे पोटासाठी गाव सोडणे. विषय संपला!"

विषय संपला नव्हता. निदान हितेंद्ररावांच्या लेखी तो अशा रीतीने संपणे शक्य नव्हते. ज्या व्याख्येचे खंडन करण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, तीच व्याख्या आता साऱ्या लालबागला ऐकवली जात होती.

"आजी, एवढी चूक दुरुस्त करून मी दोन मिनिटांत येतो. यंत्र चालूच राहू दे, नाहीतर संमती पुन्हा घ्यावी लागेल."

"जा बाबा. माका चाय गाळूची आसा."

चौकात दगडूभाऊंनी त्यांना येताना पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. अध्यक्ष म्हणून बोलावलेले माजी नगरसेवक अजून वाटेतच होते.

"साहेब परळच्या पुलावर अडकलेत. ते येईपर्यंत तेवढं दोन शब्द बोला."

"मला फक्त एक दुरुस्ती करायची आहे."

"दुरुस्ती करा, पण जरा लांबवा!"

हितेंद्ररावांनी दुरुस्ती सुरू केली. व्याख्येवरून ते तिच्या अपवादांवर आले, अपवादांवरून पूर्वसूरींच्या प्रमादांवर आणि तिथून आपल्या आवडत्या सिद्धांतावर. स्थलांतरित स्त्रियांना आवाज नसतो हे असत्य आहे. आवाज असतो, आपण ऐकत नाही! श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांच्या सिद्धांताला टाळी देत होते. त्यांनी पाणी मागवले, घोटभर प्यायले आणि ऐकण्याच्या नैतिक जबाबदारीकडे वळले.

माजी नगरसेवक आले, बोलले. शाल आली, श्रीफळ आले, आभारप्रदर्शन झाले. चहाचे कप रिकामे होऊन शेवंतीबाईंच्या मोरीत परतले, तेव्हा कुठे हितेंद्रराव शाल सावरत त्यांच्या दारात पोचले. आता काय तोंडाने मुलाखत मागावी, हा प्रश्न त्यांना पडला होता.

"आजी, मला क्षमा करा. आता आपण..."

"आता काय? सांगलंय मा सगळां!" हात पुसत शेवंतीबाई म्हणाल्या. "तू भायर बोलीत होतंस, हय कोण नाय. म्हटलां, डबो मोकळो आसा, तर टाकूया सांगून. पयल्यापासून शेवटपर्यंत सांगलंय."

हितेंद्ररावांना आनंदाने रडू आले. प्रश्नकर्त्याचा प्रभाव नाही, सूचक प्रश्न नाहीत : अशी निर्भेळ साक्ष आजवर कोणत्या संशोधकाला मिळाली असेल? ते दादरपर्यंत शाल पांघरूनच चालत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानाला यंत्र लावले. संमतीचा मजकूर उत्तम आला होता. त्यानंतर जे आले तेही उत्तमच होते. खिडकीच्या गजांना बांधलेल्या त्या स्पीकरमधून हितेंद्र साटम यांचा भरदार आवाज व्याख्येपासून नैतिक जबाबदारीपर्यंत अक्षर न् अक्षर स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्या तळाशी कुठेतरी एक म्हातारी पुटपुटत होती.

ध्वनिसंकलन करणारा त्यांचा मित्र सम्यक कांबळे याने ते ध्वनिमुद्रण परळच्या आपल्या स्टुडिओत दोन दिवस खरवडले.

"तुझा आवाज कापला की तिचा पण जातो. भाई, तू मधे श्वास तरी घ्यायचास!"

"काहीच मिळालं नाही?"

"मिळालं ना. तू पाणी प्यायलास तिथे."

सम्यकने तेवढा तुकडा लावला. स्टोव्हच्या फरफरीतून शेवंतीबाई संथपणे म्हणत होत्या, "...तांदळाची रोवळी पाणंदीत ठेवलंय, आणि मागे वळान बघूक नाय. कित्या, तर..." आणि लगेच हितेंद्रराव गरजले, "म्हणूनच मित्रहो, आपण ऐकायला शिकले पाहिजे!" मग टाळ्या.

बदलापूरला फोन लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. हितेंद्ररावांनी क्षमायाचनेची चार वाक्ये मनाशी नीट रचून घेतली होती. पण पलीकडून शेवंतीबाईच आधी बोलल्या आणि त्यांचा आवाज कधी नव्हता इतका हलका होता.

"कोण, झिलगो? ऐकलंस मा रे सगळां?"

"आजी, त्याचं असं झालं की..."

"बरां केलंस बाबा, डबो ठेवन गेलंस. तोंडार कोणाक सांगूक जमला नसता. इतकी वर्सां आतच होतां. आता परत सांगूचां नाय. एकदा सांगलंय, सुटलंय. तू सगळां ऐकलंस मा?"

व्याख्येतल्या स्वल्पविरामासाठीही भांडणाऱ्या हितेंद्ररावांनी मनाशी रचलेली चारही वाक्ये सोडून दिली.

"हो आजी," ते म्हणाले. "सगळं ऐकलं."

"मगे सांग, माझां काय चुकलां काय रे?"