प्लास्टर कुठल्या हाताला?

भिंगकाकांच्या नजरेतून काही निसटलंय असं कधी झालंच नव्हतं. निदान भिंगकाकांचं म्हणणं तसं होतं.

मालिकांच्या धंद्यात कंटिन्युइटी बघणारा म्हणून एक माणूस असतो. नायिकेने सकाळच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात धरला असेल, तर दुपारच्या शॉटमध्येही तो डाव्याच हातात राहिला पाहिजे, हे बघणं त्याचं काम. असा कुणी माणूस असतो हे प्रेक्षकांना ठाऊक नसतं. तो चुकला की मात्र लगेच ठाऊक होतं. भिंगकाका हे काम इतकी वर्षं करत होते की त्यांचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाही चटकन आठवत नसे. "माझं डोकं म्हणजे कुलूपबंद कपाट आहे," ते चहाचा कप हातात घेऊन सांगत. "ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडणार म्हणजे सापडणार."

सध्या ते ज्या मालिकेवर होते तिचं नाव 'ती कुणाचं ऐकत नाही'. सासऱ्यांच्या मागे त्यांचं गॅरेज एकटीने चालवणारी धाकटी सून ही नायिका, आणि ते गॅरेज घशात घालायला टपलेली थोरली जाऊ. नायिका गाडीखाली उताणी पडून नट पिळता पिळता सगळ्या घराला पुरून उरे. मालिकेत पुरुषही होते, नाही असं नाही. पण ते बहुधा दारात उभे राहून "अगं, पण..." एवढंच म्हणत.

तर झालं असं, की निर्मात्या मॅडमनी काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक कोरा करकरीत फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"काका, आजपासून प्रत्येक सीनचा फोटो काढायचा. डोक्यात ठेवायचं नाही."

"मॅडम, माझं डोकं म्हणजे..."

"कपाट आहे, माहितीये. पण बाकीच्या सेटवर आता हे काम कॉम्प्युटर करतो. तो चहासुद्धा मागत नाही. या महिन्यात एक जरी चूक पडद्यावर दिसली, तर मी कॉम्प्युटर आणणार. मग तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

काका बाहेर आले ते घामाघूम होऊन. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि कप कुठल्या हातात होता हे सांगण्यापलीकडे त्यांना दुसरं काही येत नव्हतं. काका सरळसरळ घाबरले. माणूस घाबरला की नियम पाळायला लागतो, तसं त्यांनी ठरवलं की आता सगळं फोनवर.

त्या दिवशी मोठा सीन होता. थोरली जाऊ गाडीखालचा जॅक हळूच सैल करते आणि नायिकेचा उजवा हात मोडतो. पुढच्या सीनसाठी प्लास्टर लागणार होतं. ते काही खरं नव्हतं. सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने कापडाचं शिवून वरून पांढरं रंगवलेलं, मोज्यासारखं चढवायचं आणि मोज्यासारखंच कुठल्याही बाजूला बसणारं. हॉस्पिटलचा सीन झाला, दिवस संपला, आणि काका फोटो काढायला मेकअपच्या खोलीत गेले. नायिकेचं काम करणाऱ्या ताई आरशासमोर दमून बसल्या होत्या. पाठमोऱ्या बाईचा फोटो काय कामाचा? आणि समोरून काढावा तर मध्ये टेबल. काकांनी युक्ती केली. आरशातल्या ताईंचा फोटो काढला. भोवतीच्या दिव्यांमुळे तो इतका झकास आला की काकांनी तो चहावाल्यालासुद्धा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॉपर्टीवाला प्लास्टर घेऊन उभा. "काका, कुठला हात?"

"उजवा," काका म्हणाले. मग त्यांना मॅडम आठवल्या. त्यांनी फोन काढला, फोटो मोठा केला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. "थांब. डावा."

"काका, उजवा होता हो," ताई म्हणाल्या. "काल मी डाव्या हाताने जेवलेय."

"ताई, तुमची दिवसभर धावपळ असते. हा बघा, फोटो आहे."

दिग्दर्शकांनीही मान वाकडी करून फोटो बघितला. त्यांनाही उजवाच वाटत होता, पण फोटोपुढे कोण काय बोलणार? काकांच्या डोक्यातलं कपाट आतून धडाधडा वाजत होतं. काकांनी त्याला गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःपेक्षा यंत्रावर विश्वास ठेवला होता, आणि ताईंनी दिवसभर डाव्या हाताला प्लास्टर बांधून उजव्या हाताने पाना परजला. गॅरेजसमोर भाड्याने आणलेला मोठा जमाव होता. टाळ्याबिळ्या सगळं झालं.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. हॉस्पिटलचा भाग चालू होता.

"बिचारीचा नेमका उजवा हात मोडला," काकू म्हणाल्या. "आता पाना कशानं धरणार ती?"

"डावा," काका बूट काढता काढता म्हणाले.

"उजवा आहे."

"अगं, मी तिथं होतो."

"आणि मी इथं आहे. मला दिसतोय."

काका एक बूट घालूनच टीव्हीजवळ गेले. उजवा होता. त्यांनी फोन काढला. फोटोत डावा होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष फोटोतल्या ताईंच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथली 'कृपया शांतता राखा' ही पाटी शेवटाकडून सुरुवातीकडे चालली होती. फोटो आरशातला होता. ते तसेच आतल्या खोलीत गेले आणि दार लावून त्यांनी लेखिकाबाईंना फोन लावला. डाव्या हाताचा भाग उद्या संध्याकाळी दिसणार होता, आणि तो जमाव पुन्हा गोळा करणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

लेखिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या बराच वेळ हसल्या.

"काका, मी नायिकेच्या सासऱ्यांना चुकून दोनदा मारलं होतं, आठवतंय? तेव्हा तुम्ही दोन्ही मृत्यू सगळ्या युनिटसमोर वाचून दाखवलेत."

"चुकलं माझं. पण आता काहीतरी करा. तिचा डावा हातही मोडता येईल का?"

"एका आठवड्यात दोन हात? प्रेक्षक म्हणतील ही बाई आहे की बरणी!" मग त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की कुणाचं तरी भलं किंवा वाटोळं होत असे. "असं करू. गाडीखाली कुठला मोडला ते कुणाला दिसलंय? मोडला होता डावाच. डॉक्टरने प्लास्टर घातलं उजव्याला."

"असं कुठं असतं का?"

"तुम्हाला नोकरी हवी आहे ना? मग असतं. सकाळी एक छोटा सीन घेऊ, उद्याच्या भागाच्या सुरुवातीला लावू. दिग्दर्शकांना मी सांगते. फक्त डॉक्टर झालेला नट गेलाय, तो आता दुसऱ्या मालिकेत न्यायाधीश आहे. पण त्याच्या तोंडाला मास्क होता, आणि उंचीला तो थेट तुमच्यासारखा. कोट घालून उभे राहा. बोलायचं काही नाही, फक्त ऐकून घ्यायचं."

सकाळी काका पांढरा कोट घालून उभे राहिले. मॅडम नेमक्या त्याच दिवशी मॉनिटरसमोर येऊन बसल्या होत्या. ताईंनी उजव्या हाताचं प्लास्टर ओढून काढलं, टेबलावर आपटलं आणि काकांच्या डोळ्यांत बघून सुरुवात केली.

"डॉक्टर, दुखत होतं इकडे आणि तुम्ही बांधलंत तिकडे. दुखतंय कुठे, हे विचारलंत तरी का? माझ्या दिरांना विचारलंत, जाऊबाईंना विचारलंत, बाहेरच्या शिपायालासुद्धा विचारलंत. ज्या बाईचा हात मोडला, तिला सोडून सगळ्यांना विचारलंत. मी ओरडले तर म्हणालात, बायका ओरडतातच."

आपण ताईंना त्यांच्याच हाताबद्दल कसं खोटं पाडलं होतं, ते काकांना त्या क्षणी आठवलं. मास्क केव्हाच खाली घसरला होता. त्यांची मान खाली गेली, डोळे भरून आले, हनुवटी थरथरायला लागली.

दिग्दर्शक "कट" म्हणाले तरी कुणी हललं नाही. मेकअपवाली पदराला डोळे पुसत होती. मॅडम उठून आल्या आणि काकांचा हात हातात घेतला. "काका, काय अपराधी चेहरा केलात हो! इतका खरा चेहरा मी कुठल्या नटाचा बघितला नाही."

खरं काय ते सांगायला काकांनी तोंड उघडलं होतं. लेखिकाबाईंनी मागून त्यांच्या कोटाला हिसका दिला, तेव्हा त्यांनी ते पुन्हा मिटलं.

संध्याकाळी तो भाग लागला आणि संपतो न संपतो तोच फोन वाजायला लागला. मॅडम होत्या. बायकांचे फोनवर फोन येत होते म्हणे. कुणाची पाठ दुखायची आणि डॉक्टर नवऱ्याशीच बोलायचे, कुणाला ताप होता आणि घरचे म्हणाले आळस आहे. "काका, कॉम्प्युटरला असा चेहरा जमला नसता. तुम्ही कुठंही जायचं नाही. कंटिन्युइटी बघा, आणि तो डॉक्टर मी पुढेही ठेवणार आहे."

काकांनी फोन ठेवला. नोकरी वाचली होती. त्यांची छाती हळूहळू पूर्ववत फुगली. खुर्चीत मागे रेलून ते काकूंना म्हणाले, "बघ. शेवटी यंत्र ते यंत्र. या कामाला माणसाची नजर लागते, नजर."

काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"हो का? मग मला सांगा, गेला महिनाभर माझा कुठला खांदा दुखतोय?"

काकांनी कपाट उघडलं. ताईंच्या बांगड्या होत्या, थोरल्या जावेची कानातली होती, प्रत्येक कप आपापल्या हातात होता. काकूंच्या कप्प्यात काही सापडेना.

"डावा," काकांनी ठोकून दिलं.

"माझे दोन्ही खांदे ठणठणीत आहेत. गुडघा दुखतोय."

"कुठला?"

"ते तुम्ही सांगायचं," असं म्हणून काकू उठल्या.

काकांनी घाईघाईने चष्मा चढवला, खुर्चीच्या कडेला सरकले आणि पापणी न लवू देता त्यांच्या पायांकडे बघत राहिले. काकूंनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, एकदा काकांकडे बघितलं, आणि दोन्ही पायांनी लंगडत आत निघून गेल्या.