शेवटावर बसलेली मुलगी

ठिणगीने कादंबरीचं शेवटचं पान वाचलं, हातातले कागद आपटले आणि जाहीर केलं, "फसवणूक! शुद्ध फसवणूक!"

"कोणी फसवलं?" खळ ढवळता ढवळता आईने विचारलं.

"त्या लेखिकेने! दोन भाग मी श्वास रोखून वाचले. राजकन्या कड्यावर, हातात मोडकी तलवार, समोर ड्रॅगन. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी काय, तर तिला जाग येते! सगळं स्वप्न!"

"बरं झालं की. वाचली पोरगी."

यावर ठिणगीने असं काही पाहिलं की आई परत खळीकडे वळली.

ठिणगी ही बाइंडरची मुलगी. पुढच्या खोलीतच बाइंडिंगचं काम चाले, त्यामुळे दुकानात पोचण्याआधी पुस्तक तिच्या हाती लागे. मैत्रिणींमध्ये तिचा भाव वधारला होता तो यामुळेच. या तिसऱ्या भागासाठी तिने सगळ्यांना टांगून ठेवलं होतं, "येऊ दे छापून, मग सांगते." आता सांगणार काय, कपाळ?

लांबलचक टेबलावर छापील कागदांच्या घड्या, म्हणजे फर्मे, ढीग करून ओळीने मांडले होते. बाबा आणि आई टेबलाच्या कडेने चालत, प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलत आणि टेबल संपलं की पुस्तक पुरं झालं असं समजत. पानांचे आकडे बघायची पद्धत या घरात नव्हती. टेबलावर पूर्ण विश्वास होता.

बाबा सुतळ्या आणायला गेले होते, तेवढ्यात ठिणगीने शेवटच्या फर्म्याचा ढीग रागारागाने टेबलावरून उतरवला, कोपऱ्यात रचला आणि त्यावर फतकल मारून बसली. आईला वाटलं, रद्दीवर बसली असेल. पोर फुगलेली असताना तिच्या वाटेला जायचं नाही, हे आई अनुभवाने शिकली होती. ठिणगी फुगून बसली, आईबाबा टेबलाभोवती फिरत राहिले. फर्मे जुळले, शिलाई झाली, पुठ्ठे चढले आणि सगळा माल टेम्पोत बसून रवाना झाला.

जेवायची हाक आली तेव्हा कुठे ठिणगी उठली. बाबांचं लक्ष कोपऱ्यात गेलं.

"हे काय आहे?"

"शेवट."

"कशाचा?"

"कादंबरीचा."

"माझा म्हण!" बाबा ओरडले. तो प्रकाशक म्हणजे त्यांचं एकमेव मोठं गिऱ्हाईक. तो तुटला की कटिंग मशीनवर कपडे वाळत घालायचे. ठिणगी पहिल्यांदाच नरमली. "बाबा, मला फक्त राग आला होता हो."

बाबांनी फोन उचलणं बंद केलं. प्रकाशक भेटायला येतोय असा निरोप शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा बाबांना ताप भरला. तापही असा मुत्सद्दी की प्रकाशक दारात दिसेपर्यंत उतरलाच नाही, आणि दिसल्यावर तर आणखी चढला. प्रकाशकाबरोबर लेखिकाही होती.

"साहेब, चूक झाली, पदरात घ्या," बाबा गोधडीतूनच म्हणाले.

"चूक?" प्रकाशक ओरडला. "अहो, दुकानांत औषधालाही प्रत उरली नाही! राजकन्या जगली की मेली यावरून पोरं मारामाऱ्या करताहेत. मला वाटलं बाईंनी शेवट कापला, बाईंना वाटलं मी कापला. कापला कोणी?"

बाबांनी गोधडीतून बोट काढून ठिणगीकडे केलं. बापाची माया अशा वेळी कळते.

लेखिका तिच्यासमोर बसली. "एवढा वाईट होता शेवट?"

"हो," ठिणगी म्हणाली. आईने चिमटा काढला, तरी ती म्हणाली, "म्हणजे, होताच ना!"

लेखिकेने प्रकाशकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मलाही नव्हता आवडला. हे मागे लागले होते, उरकला. आता चौथा भाग लिहावाच लागणार. तूच सांग, पुढे काय व्हायला हवं?"

ठिणगीला तेवढंच हवं होतं. ती बोलत सुटली. ड्रॅगन कोणाचा, तलवार मोडली कोणी, कड्याखाली काय दडलंय, सगळं. लेखिका ऐकत राहिली, प्रकाशक खूश झाला आणि बाबांचा ताप चहाबरोबर उतरला.

चौथा भाग छापून टेबलावर आला, तेव्हा ठिणगीने फर्म्यांवर झडप घातली. एक वाचला, दुसरा वाचला. पाचव्यापर्यंत तिचा चेहरा पार उतरला.

"आता काय बिघडलं?" आई वैतागली. "तू सांगितलंस तस्संच लिहिलंय ना?"

"तेच तर! सगळं मला आधीच ठाऊक आहे. शाळेत सगळ्याजणी जीव मुठीत धरून वाचणार, आणि मी काय करू? बाबा, तुम्हाला माहितीय, तो ड्रॅगन खरं म्हणजे..."

"गप!" बाबा खेकसले. आयुष्यभर पुस्तकं बांधून एकही न वाचलेले बाबा खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या हातात तिसरा फर्मा होता. "एक अक्षर पुढचं सांगशील तर याद राख!"